बाईंच्या नवऱ्याची मरणं

खोली बघायला गेले तेव्हा बाईंनी मला गाव विचारलं नाही, पगार विचारला नाही, मांसमच्छी खाते का तेही विचारलं नाही. ओट्यावर पाय पसरून त्या तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "खोटं बोलता येतं का?"

मी गडबडले. म्हसावदच्या बँकेत नुकतीच रुजू झालेली मुलगी घरमालकिणीला याचं काय उत्तर देणार? "नाही," म्हणाले.

"मग कथा कशाच्या लिहितेस?" आता त्यांनी वर पाहिलं. "तुमच्या बँकेतला शिपाई सांगत होता, नवीन मॅडम गोष्टी लिहितात म्हणून. आत ये. खोली मागच्या बाजूला आहे. पाणी सकाळी येतं."

मी कोरीटची. घरी कापूस आणि मिरची. लिहिणारं आमच्यात कोणी नाही. वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत माझ्या एक-दोन कथा आल्या होत्या, त्या आईने देवघरात ठेवल्या आणि वडिलांनी वाचल्याच नाहीत. कथा लिहिणं ही लपवून करायची गोष्ट आहे, अशीच माझी समजूत. आणि इथे एक पांढऱ्या केसांची बाई भर ओट्यावर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या देखत, मला खोटं बोलता येतं का विचारत होती.

त्या हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. सगळं गाव त्यांना बाईच म्हणे. माहेर तापीकाठचं, गुजर, केळीच्या बागा असलेलं. घरच्यांच्या मर्जीविरुद्ध लग्न केलं म्हणून ते तुटलेलं. नवरा मोटारी बांधायचा, म्हणजे विहिरीवरच्या पंपाच्या मोटारी जळल्या की त्यांना नवी तार गुंडाळून द्यायचा. तो वारल्यावर बाई बदली मागून म्हसावदला आल्या आणि इथल्याच झाल्या. मूलबाळ नाही. मला तरी हे सगळं असंच सांगितलं गेलं, आणि मी ते तसंच धरून चालले.

बाई गोष्टी रचायच्या, पण त्यांची एकही ओळ कधी छापून आली नाही. पाठवलीच नाही. "कागदावर गेली की गोष्ट गोठते. मग ती सुधारता येत नाही," म्हणायच्या. त्यांचा छापखाना म्हणजे धडगावची काळीपिवळी. महिन्यातून एकदा, काहीही काम नसताना, त्या धडगावला जाणाऱ्या जीपमध्ये मधल्या रांगेत चढायच्या. गाडी घाटाला लागली की शेजारच्या बाईला गोष्ट सांगायला सुरुवात. सगळी रचलेली, पण सांगायची खरी म्हणून. "माझ्या मावससासूच्या बाबतीत झालं," अशी. धडगाव आल्यावरही कोणी उतरायचं नाव घेतलं नाही, तर गोष्ट जमली. कोणी मधेच मोबाइल काढला, तर त्याच जागी ती कच्ची आहे असं समजायचं.

मी एकदा बरोबर गेले होते. बाईंनी एका म्हाताऱ्याची आणि त्याच्या हरवलेल्या बैलाची गोष्ट अशी सांगितली की ड्रायव्हरने वळणावर गाडी बाजूला घेतली. "आधी बैल सापडना का ते सांगा, बाई. मग चालाडस गाडी." परतीच्या वाटेवर मी म्हणाले, "बाई, ही फसवणूक आहे. ती माणसं खरं समजून घरी जाऊन सांगतील."

"सांगू दे की. बैल सापडला. कोणाचं काय बिघडलं?"

माझी पहिली कथा वाचून त्यांनी एका वाक्याखाली नखाने रेघ ओढली. 'मी अत्यंत व्यथित झाले,' असं कथेतली कोरीटची एक म्हातारी म्हणत होती.

"ही तुझी आजी?"

"आजीवरून घेतलीय."

"आजी असं बोलते? व्यथित?"

"नाही. ती म्हणते, 'मन्हं कायीज तुटी गयं.'"

"मग तिच्या तोंडातलं काढून तू स्वतःचं का कोंबलंस?" बाई खरोखर चिडल्या होत्या. "म्हातारीला लाज वाटेल असं बोलायला लावलंस. माफी माग तिची."

मला वाटलं गंमत करतायत. नव्हत्या. मी फोन लावेपर्यंत त्या समोर बसून राहिल्या. आजीला काही कळलं नाही. ती म्हणाली, "जेवन करं का, बेटा?"

त्यांच्या काही सवयी मला शेवटपर्यंत पचल्या नाहीत. गावात कोणी गेलं की ओळख असो नसो, त्या दारावर जायच्या. परत आल्यावर माझ्या खोलीच्या उंबऱ्यात उभ्या राहून सांगायच्या, "सगळे रडणाऱ्याकडे बघत होते. मी भांडी कोण घासतंय ते बघत होते. धाकटी सून. घासता घासता गुणगुणत होती. भान नव्हतं तिला." मी कानावर हात ठेवायचे. मेलेल्याच्या घरी जाऊन असं बघायचं?

एका दुपारी कोरीटहून फोन आला, वडील गच्चीवरून पडले, नंदुरबारला दवाखान्यात नेलंय. मी रडत पिशवी भरायला लागले. बाई आल्या, त्यांनी मला पाणी दिलं, आणि ग्लास माझ्या हातात असतानाच विचारलं, "फोन आला तेव्हा पहिल्यांदा मनात काय आलं? खरं सांग."

मी इतकी हबकले की खरं सांगून बसले. "दोरीवरचे कपडे वाळले असतील का."

"हं," बाई म्हणाल्या. "हे लिही."

मी त्यांच्या हातात ग्लास आदळून निघून गेले. वडिलांचा पाय मोडला होता, बाकी ठीक होतं. परत आल्यावर आठवडाभर मी बाईंशी बोलले नाही. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. पण दोरीवरचे कपडे त्यांनी काढून, घडी घालून माझ्या कॉटवर ठेवले होते.

बाईंचा सर्वात कडक नियम कारणाचा. कथेतलं पात्र खुर्चीवरून उठलं तरी त्या विचारायच्या, का उठलं? माझ्या एका कथेत एक माणूस भरल्या ताटावरून उठून घर सोडून जातो. बाईंनी कागद परत केले. "का गेला?"

"असाच. कंटाळून."

"असाच कोणी जात नाही." त्यांचा आवाज इतका चढला की शेजारची आक्का कुंपणापाशी आली. "कारण शोध. नाही सापडलं तर त्याला परत ताटावर बसव."

आता त्यांच्या नवऱ्याबद्दल.

मला बाईंनी ते मरण सांगितलं ते थंडीत, अंगणात ऊन घेत बसलो असताना. तो धडगावला मोटार बसवायला निघाला होता. सकाळी चहा घेतला. चहात चिमूटभर मीठ टाकायची त्याला सवय. बाई शिक्षिका म्हणून तो त्यांना 'मास्तर' म्हणायचा. दारातून वळून म्हणाला, "मास्तर, दूध तापाडी ठेव, मी उनूच." दूध तापवून ठेव, आलोच. आणि घाटात जीप कोसळली. बाईंनी दरी सांगितली नाही, रक्त सांगितलं नाही. गॅसवर दूध तापत होतं आणि दारात पोलीस उभा होता, एवढंच सांगितलं. मी बँकेत गेले तरी दिवसभर डोळे पुसत होते.

हे मी आक्काला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापायची थांबली. "घाट? माय वं! माले तं बाईनी साप सांगा व्हता. ऊसना वावरमा."

मी किराणा दुकानात विचारलं. दुकानदार म्हणाला, तापीला पूर आला होता, त्यात गेला. त्यालाही बाईंनीच सांगितलेलं. नवल म्हणजे दोघांनाही यात काही वावगं वाटत नव्हतं. बाईंच्या दुःखाची जुळवाजुळव कोण करत बसणार?

मी तरातरा घरी आले. "बाई, तुमचे यजमान नक्की कशाने गेले?"

त्या तांदूळ निवडत होत्या. "तुला कुठलं खरं वाटलं?"

"घाटातलं."

"मग तेच ठेव. साप पहिला. तेव्हा मी नवखी होते, नवख्याला साप लागतोच. तापी त्यापेक्षा बरी होती. पण बुडालेल्याचं प्रेत कुठे सापडलं, कोणी काढलं, लोक फार विचारतात. घाटाला कोणी काही विचारत नाही."

"माणूस गेलाय बाई, आणि तुम्ही..."

"गेलाय ना," बाई शांतपणे म्हणाल्या. "तेवढं खरं आहे. बाकीचं तू लिही. मला कागदावर जमायचं नाही. तुला दिलं."

मला राग होता आणि ती गोष्ट डोक्यातून जातही नव्हती. शेवटी लिहिली. नावं बदलली, पण मिठाचा चहा, 'मास्तर' आणि दाराशी म्हटलेलं ते वाक्य जसंच्या तसं ठेवलं. बाईंनी दोन जागी विशेषणं काढायला लावली आणि म्हणाल्या, "पाठव." एका दिवाळी अंकात ती आली. खाली माझं नाव आणि गाव छापलेलं, म्हसावद. बाईंनी अंक हातात घेतला, वाचला मात्र नाही.

दिवाळी होऊन बरेच दिवस झाले होते. रविवारची दुपार. मी ओट्यावर केस वाळवत बसले होते, बाई आत स्वयंपाकघरात. फाटकाशी एक माणूस येऊन उभा राहिला. उंच, वाळलेला, इस्त्रीचा शर्ट, हातात प्लास्टिकची पिशवी. बँकेचं काम असेल असं वाटलं. त्याने पिशवीतून तो दिवाळी अंक काढला. हाताळून हाताळून कोपरे मुडपलेला.

"मॅडम, हाई गोष्ट तुम्ही लिखी?"

"हो," मी म्हणाले. थोडी खूशही झाले. पहिला वाचक दारात आला होता.

त्याने अंक उघडून माझ्यापुढे धरला. बोट त्या पानावर. "यान्हामा जो मरस ना," तो म्हणाला, "तो मी शे."

मला समजलं नाही. मग एकदम समजलं. तो माणूस ओशाळल्यासारखा हसला. "मी जित्ता शे," असं म्हणाला, जणू त्यात त्याचीच काही चूक झाली होती.

मागे भांडं वाजलं. बाई दारात उभ्या होत्या.

त्या किंचाळतील, रडतील, त्याला हाकलतील, मला यातलं काहीही चाललं असतं. बाई त्याच्याकडे बघतच मला म्हणाल्या, "चहा ठेव. त्यांच्या कपात चिमूटभर मीठ."

मी आत जाऊन मिठाचा डबा उघडला. ते मीठ मी कथेत लिहिलं होतं. आता ते खऱ्या चहात टाकत होते.

बाहेर आले तेव्हा तो सांगत होता. इतकी वर्षं तो सुरतेला, मागाच्या कारखान्यात. वस्तीत सगळे खानदेशचेच. शेजारच्या घरी गावाकडून कोणीतरी अंक आणला, आणि त्या घरची पोरगी मोठ्याने वाचून दाखवत होती. "चहामा मीठ उनं तव्हय मी हासनू. म्हनं, कोनी मन्हासारखा शे. मग ते वाक्य उनं." त्याने अंक मिटला. "बाकी सारं खोटं. जीप खोटी, घाट खोटा. पन ते मी बोलनू व्हतू, मास्तर."

"हो," बाई म्हणाल्या. "तेवढंच खरं होतं. बाकी सगळं त्या वाक्यासाठी रचलं."

आणि मग आमच्याशी कायम शुद्ध मराठीत बोलणाऱ्या बाईंच्या तोंडून मी पहिल्यांदाच त्यांची स्वतःची अहिराणी ऐकली.

"दूध नासी गयं," त्या म्हणाल्या.

त्याने खाली पाहिलं. माफी मागायला आलोय, म्हणाला. बाईंनी हात वर करून त्याला थांबवलं. "माफी नंतर. आधी त्या सकाळचं सांग. घरून निघालास. पायात काय होतं?"

"चप्पल."

"मग?"

"स्टँडवर गयू. धडगावनी गाडी उनी नव्हती. सुरतनी एस.टी. उभी व्हती." त्याने ओठ ओले केले. "मी बठी गयू."

"का?"

त्याने अंकाचा मुडपलेला कोपरा सरळ केला.

"माझं काही चुकलं होतं? कोणी बाई होती? कर्ज?"

"नही. तसं काईच नही. गाडी उभी व्हती, दार उघडं व्हतं. बठनू. नवापूर उनं तव्हय वाटनं, उतरी जावं. उतरनू नही. मग रोज वाटे, आज जासू. बहु दिन व्हई ग्यात, मग तोंड दखाडाले जागा नही ऱ्हायनी."

"कारण?" बाईंनी परत विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

"कारन नही, मास्तर."

बाई ओट्याच्या कडेवर बसल्या. मी त्यांना धरायला पुढे झाले. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "असं लिहिलं तर कोणी मानणार नाही."

तो संध्याकाळच्या गाडीने गेला. परत येऊ का, असं त्याने फाटकापाशी विचारलं होतं. बाईंनी उत्तर दिलं नाही.

मला राहवेना. भाजी चिरता चिरता विचारलं, "बाई, तो जिवंत आहे हे तुम्हाला ठाऊक होतं. मग मेला असं का सांगितलं?"

"मेला म्हटलं की गोष्ट संपते," त्या म्हणाल्या. "सोडून गेला म्हटलं तर संपत नाही. फाटक वाजलं की परत पहिल्यापासून सुरू होते. आणि का गेला, याला मी किती कारणं रचली माहितीय? साप-बीप तर लोकांसाठी. कारणं माझ्यासाठी. त्यातलं एकही खरं निघालं नाही."

त्यानंतर बाई कितीतरी दिवस घराबाहेर पडल्या नाहीत. कोणाच्या दारावरही गेल्या नाहीत. मग एका सकाळी मला म्हणाल्या, सुट्टी आहे ना, चल, धडगावला जाऊ. जीप घाटाला लागली आणि बाईंनी शेजारच्या म्हातारीला गोष्ट सांगायला सुरुवात केली. या वेळी एक शब्द रचलेला नव्हता. नवरा, मिठाचा चहा, दूध, स्टँड, उघड्या दाराची गाडी, बसला आणि गेला.

म्हातारीने मान हलवली. "कारन नही? आस कोठे ऱ्हास का, बाई? कोनी तरी व्हईच."

"पैशाचं लफडं असेल," मागून एक जण म्हणाला. ड्रायव्हरने सांगितलं, करणी. कोणी म्हणालं, बाईच कजाग असेल. वरच्या पाड्यावरचा एक पावरा आदिवासी माणूस तेवढा गप्प बसून ऐकत होता. बाकी अख्ख्या जीपने मिळून त्या माणसाला कारण शोधून दिलं, आणि एकानेही बाईंचं मानलं नाही. बाई प्रत्येकाकडे वळून वळून ऐकत होत्या. त्यांचा चेहरा मला बघवेना. धडगाव आलं तसे लोक भराभर उतरून गेले.

पुढे माझी बदली शहाद्याला झाली. बाईंनी निरोप देताना काही सांगितलं नाही. "शेवट घाईत करू नकोस," एवढंच. मी नंतर काही कथा लिहिल्या, काही छापून आल्या. जाऊ जाऊ म्हणता म्हसावदला जाणं राहून गेलं.

गेल्या हिवाळ्यात गेले. फाटकाशीच आक्का भेटली. बाई बाजारात गेल्यात, म्हणाली. तुझ्या खोलीत आता नवीन भाडेकरू आहे. "सुरतना. मोटारी बांधस. भला माणूस शे."

मी ओट्यापाशी गेले. माझ्या जुन्या खोलीच्या दारात, पोत्यावर मोटारीचे तुकडे पसरून, तो बसला होता. मला पाहून उठला. खुर्ची दिली. आत जाऊन चहा करून आणला. बाईंनी ठेवून घेतलं का, कधी, कसं, हे विचारायला माझी जीभ रेटेना. तो भाडेकरू म्हणून राहत होता हे तर दिसतच होतं. त्याची चूल वेगळी होती, दारही वेगळं. बाईंचा उल्लेख तो 'घरवाल्या बाई' असा करत होता.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले, "बाई बऱ्या आहेत ना?"

"बऱ्या शेत. एकल्या शेत बिचाऱ्या." त्याने तारेचं रीळ बाजूला ठेवलं. "त्यासना नवरा वारना ना. तुम्हले माहीत शे का, तो कसा वारना?"

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

"मोटार बसाडाले धडगावले जाई ऱ्हायना व्हता," तो सांगू लागला, हळू, एकेक शब्द चाचपून. "स्टँडवर उना. छातीमा कळ उनी, बाकवर बठी गया. समोर सुरतनी गाडी उभी व्हती. दार उघडं व्हतं. लोके म्हनेत, गाडीनी वाट दखी ऱ्हायना व्हई. पन नही. घर दूध तापी ऱ्हायनं, हाई त्यान्हा ध्यानमा व्हतं. तो घर जावाले उठी ऱ्हायना व्हता. उठता उठता गया." त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट दाबून धरले. "गाडी समोर व्हती, मॅडम. कंडक्टरनी हाक बी मारी. पन तो बठना नही."

मी कप खाली ठेवला.

"तो बठना नही," तो पुन्हा म्हणाला, आणि माझ्यासमोर, भर दुपारी, त्या मेलेल्या माणसासाठी हुंदके देऊन रडायला लागला.